धन्याचा घात

बेबीनंदाचं नाव दोन माणसांनी ठेवलं होतं. ती जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईनं कागदावर नुसतं 'बेबी' लिहिलं, बापानं घरी येऊन 'नंदा' म्हटलं, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी दोन्ही जोडून टाकली. लग्नानंतर ती बेबीनंदा साळवे झाली. नवरा वसंतराव तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा. जुन्या जालन्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचं त्यांचं काम होतं. कापडाची, धान्याची, भांड्यांची दुकानं. अक्षर असं काढायचे की मालक वर्षानुवर्षं पाटी बदलायचे नाहीत.

पण वसंतरावांचा जीव पाट्यांत नव्हता. ख्रिस्ती मंडळीची एक नाटक कंपनी त्यांनी तरुणपणी उभी केली होती. नाटकं सगळी पवित्र शास्त्रातल्या गोष्टींवरची, लिहिलेली त्यांनीच. चाली मात्र गावाकडच्या. जात्यावरच्या ओव्या, भारुडं, गोंधळ्यांची गाणी त्यांनी ऐकलेली होती, त्यातच त्यांनी अब्राहाम आणि दावीद बसवले. कापणी उरकली की कंपनी भोकरदनकडे, अंबडकडे, परतूरकडे निघायची. गावातले सगळे येऊन बसायचे, कोण कुठल्या देवाचा हे त्या वेळेपुरतं कुणी बघायचं नाही.

साहेबराव हा वसंतरावांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. केदारखेड्याजवळच्या एका वस्तीवरून त्याच्या आईनं त्याला शिकायला म्हणून साळव्यांच्या घरी ठेवलं, तो तिथंच वाढला. बेबीनंदाला मूल नव्हतं. साहेबराव वसंतरावांना दादा आणि तिला वैनी म्हणायचा, पण ताट मात्र लेकासारखं मागायचा. पेटी तो असा वाजवायचा की वसंतराव गाताना मध्येच थांबून त्याच्याकडे बघत राहायचे. पुढं त्याचं लग्न झालं, जवळच्याच गल्लीत त्यानं बिऱ्हाड केलं, तरी सकाळचा चहा वैनीकडेच.

साठीच्या आसपास वसंतरावांचे शब्द हरवायला लागले. आधी माणसांची नावं, मग सामानाची, मग नाटकातली वाक्यं. बेबीनंदा कधी रंगमंचावर गेली नव्हती. त्या कंपनीत बायकांची कामंही पुरुषच करायचे. पण वीस वर्षं पडद्यामागं बसून तिला सगळी नाटकं तोंडपाठ होती. नवरा अडखळला की ती पडद्याच्या फटीतून पुढचा शब्द हळूच सरकवायची. लोकांना काही कळायचं नाही. साहेबरावाला कळायचं, कारण पेटी पडद्याला लागूनच असायची.

एकदा सकाळी चहा पिताना वसंतराव म्हणाले, "नंदा, मी आता थांबावं म्हणतो."

"कामून?"

"डोकं साथ देईना."

"मी हाये ना मागं," ती म्हणाली. "तुमी थांबले तर त्या कंपनीत ऱ्हातंय काय? मी जोवर हाये तोवर तुमचा शब्द खाली पडणार न्हाई. बिलकुल न्हाई."

वसंतरावांनी कप ठेवला आणि ते ब्रश धुवायला मोरीत गेले. आपण नवऱ्याला बळ दिलं, असं बेबीनंदाला तेव्हा वाटलं.

त्याच हंगामात केदारखेड्याला अब्राहामाचं नाटक होतं. देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम पोटच्या पोराला वेदीवर ठेवतो, सुरी उगारतो, आणि वरून आवाज येतो, हा त्यातला कळस. वसंतरावांनी सुरी उगारली आणि तशीच धरून ठेवली. बेबीनंदानं फटीतून शब्द दिला. परत दिला. वसंतरावांनी खाली निजलेल्या मुलाकडं बघितलं, मग लोकांकडं बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "हे पोरगं कुणाचं हाय?"

कुणीतरी हसलं. साहेबरावानं ताबडतोब पेटीवर सूर धरला, स्वतःच उठून गाणं म्हटलं, गात गात वसंतरावांच्या हातातली सुरी काढून घेतली आणि नाटक कसंबसं शेवटाला नेलं.

दुसऱ्या दिवशी तो चहाला आला तेव्हा वसंतराव कामाला गेलेले होते. कप हातात घेतला आणि त्यानं विषय काढला.

"वैनी, दादांना थांबवा आता. काल ते सुरी धरून हुभे होते. खरी सुरी व्हती ती."

"तुला कंपनी पाह्यजे, सरळ बोल."

"मला कंपनी न्हाई पाह्यजे. लोक हासले, मला ते पाहवलं न्हाई."

"कुणाच्या घरची भाकरी खाल्ली तू?" बेबीनंदाचा आवाज चढला. "ज्यानं बोट धरून सूर शिकवला त्यालाच उठवायला निघाला?"

साहेबराव चहा अर्धा ठेवून उठला. त्यानंतर तो वसंतरावांशी बोलला नाही. सरळ सर्जेरावांकडे गेला. सर्जेराव मंडळीच्या पंचांतले मोठे. पंचांची बैठक झाली. रविवारी उपासना संपताना सर्जेरावांनी उभं राहून जाहीर केलं, की आदरणीय वसंतराव साळवे यांना मंडळी सन्मानपूर्वक विश्रांती देत आहे आणि नाटक कंपनीची जबाबदारी यापुढे साहेबराव सांभाळतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या बाकावर बसलेल्या वसंतरावांनीही वाजवल्या.

घरी येताना त्यांनी बेबीनंदाला विचारलं, "कुणाला दिली विश्रांती?"

ती तेव्हा काहीही सांगू शकली असती. ते दुपारपर्यंत विसरूनही गेले असते. पण तिच्या अंगाची आग होत होती. ती म्हणाली, "तुमाला. साहेबरावानं काढलं तुमाला."

हे मात्र ते विसरले नाहीत. नेमकं हेच त्यांच्या डोक्यात राहिलं. रंगाचे डबे त्यांनी उघडले नाहीत. साहेबराव दोनदा दाराशी येऊन गेला, दोन्हीदा बेबीनंदानं दार लावून घेतलं. आतून वसंतराव विचारायचे, "कोण हाय?" आणि ती म्हणायची, "कुणी न्हाई." वैशाखात, उन्हानं पत्रे तापलेले असताना, एका दुपारी ते झोपले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. बेबीनंदानं ते ऐकून घेतलं. मातीच्या वेळी साहेबराव कबरस्तानाच्या फाटकाशी उभा होता. ती त्याच्या अंगावरून निघून गेली.

हे १९८६ साल. दिवाळीनंतर मंडळीचा कापणीचा सण आला. लोक शेतातलं पहिलं धान्य, भोपळे, कोंबड्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणतात, दुपारी पंगत होते आणि पंगतीनंतर नाटक. साहेबरावाच्या कारभारातलं हे पहिलंच. त्यानं नाटक निवडलं 'इज्रेलची राणी'. वसंतरावांचं सगळ्यात गाजलेलं नाटक. दादांच्या आठवणीला म्हणून हेच करायचं, असं त्यानं पंचांना सांगितलं.

गोष्ट शास्त्रातली आहे. इस्राएलचा राजा अहाब आणि त्याची राणी ईजबेल. राणी परक्या देशाची, परक्या देवांची. तिनं देवाचे संदेष्टे मारवले, नवऱ्याला हवा होता म्हणून एका गरीब माणसाचा द्राक्षमळा त्याचा जीव घेऊन मिळवला. पुढं अहाब मेला, लेक गादीवर बसला. तेव्हा सैन्याचा सरदार येहू उलटला. त्यानं आपल्याच राजाला बाण मारला आणि रथ पिटाळत राणीच्या गावी, इज्रेलला आला. तो येतोय हे राणीला कळलं. वसंतरावांच्या नाटकात मग ती खिडकीतून हात जोडते, रडते, जीव मागते. येहू हुकूम देतो आणि तिचे नोकरच तिला खाली ढकलतात. खाली पडायची ती गवत भरलेली, लुगडं नेसवलेली बाहुली. ती पडली की पोरं काठ्या घेऊन धावायची आणि तिचा भुगा करायची. लोक त्यासाठीच थांबलेले असायचे.

राणीचं काम इतकी वर्षं करणारा माणूस पोटासाठी पुण्याला निघून गेला होता. दुसरं कुणी तयार होईना. शास्त्रात शेवटी जिला कुत्री खातात, त्या बाईचं सोंग कोण घेणार? तेव्हा बेबीनंदानं सर्जेरावांच्या बायकोकडून निरोप धाडला: मी करते.

साहेबराव त्याच संध्याकाळी आला. या वेळी तिनं दार उघडं ठेवलं होतं. तो उंबऱ्यातच उभा राहिला. डोळे भरलेले होते.

"वैनी, तुमी येऊन राह्यल्या म्हणजे दादाच आल्यासारखं हाय."

"तालीम कधी?" तिनं विचारलं.

तालमीत ती लिहिल्याप्रमाणे बोलली. लिहिलेल्या जागी हात जोडले, लिहिलेल्या जागी रडली. साहेबराव सगळ्यांना सांगत सुटला की वैनीनं काम असं उचललंय, बघत राहा. येहूचं काम तो स्वतःच करणार होता; त्यासाठी नव्या जालन्यातल्या बँडवाल्याकडून त्यानं नवरदेवाची पांढरी घोडी ठरवली. खर्चाला मंडळीनं नाही म्हटल्यावर स्वतःच्या खिशातून केला.

घरी बेबीनंदानं मात्र शास्त्र उघडून तो अध्याय पुन्हा वाचला होता. त्यात राणीनं हात जोडलेलेच नाहीत. ती डोळ्यांत काजळ घालते, केस सावरते आणि खिडकीशी येऊन बसते. मारायला आलेल्या माणसाला वरून एकच सवाल करते, आणि त्या सवालात त्याला दुसऱ्याच एका हरामखोराच्या नावानं हाक मारते. जिम्री. त्यानंही पूर्वी आपल्या धन्याला मारून गादी घेतली होती. हे तिनं वसंतरावांना पूर्वी एकदा म्हणूनही दाखवलं होतं. ते हसले होते. "लोकांना वाईट बाई रडलेली आवडती, नंदा. न रडणाऱ्या बाईचं नाटक कोण बघंल?"

सणाच्या दिवशी पंगत उठली. ऊन कलत होतं. देवळाच्या आवारात मिशनचा जुना दगडी बंगला होता, माडीचा, बरीच वर्षं रिकामा. वरची खिडकी म्हणजे राणीचा महाल, पुढचं अंगण म्हणजे इज्रेल. तीनचारशे माणूस जमिनीवर बसलं होतं. पुढं पाळकसाहेब आणि पंच खुर्च्यांवर.

बेबीनंदा माडीवर एकटीच तयार झाली. विधवा झाल्यापासून तिनं काजळ लावलं नव्हतं. आरशाचा तुकडा हातात धरून तिनं ते जाड रेघेनं लावलं. केसांचा उंच अंबाडा घातला, लग्नातलं हिरवं लुगडं नेसली. दाराशी बाहुली घेऊन थांबलेले कंपनीतले दोघे तिच्याकडं बघून बाजूला सरकले.

खाली घोडी आली. साहेबरावानं पत्र्याची छाती आणि तांबडा शेला घातला होता. पेटीवाल्यानं सूर धरला. बेबीनंदा खिडकीत आली आणि बसली. लोकांत कुजबुज उठली आणि आपोआप विझली.

वसंतरावांनी लिहिलेलं वाक्य असं होतं: 'आपल्या धन्याचा घात करून आलेल्या येहू, माझ्यावर दया कर.' बेबीनंदानं हात जोडले नाहीत. खिडकीच्या चौकटीवर दोन्ही तळवे टेकवून ती खाली बघत म्हणाली,

"ये जिम्री. माझ्या धन्याचा घात करून आलास. आता खुशाल आहेस ना?"

'आपल्या'च्या जागी 'माझ्या'. जिम्री आणि तो सवाल शास्त्रातलाच होता; हा एक शब्द मात्र तिचा स्वतःचा. आपल्याकडं धनी म्हणजे मालक आणि धनी म्हणजे नवराही. आवारातल्या बायकांना ते पहिल्या झटक्यात कळलं. पुरुषांना त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं. सर्जेरावांनी खुर्चीत मान खाली घातली.

साहेबराव घोडीवर ताठ झाला. बेबीनंदा थांबली नाही.

"जिम्रीनंही धन्याला मारलं. सात दिवस गादीवर बसला अन् त्याच वाड्यात जळून मेला. तू तुझे दिवस मोजलेस का? ज्याच्या ताटात जेवलास त्याची जागा गरम होती ना रे अजून, तू बसलास तेव्हा?"

पेटी बंद पडली होती. घोडी पाय बदलत होती. मग अगदी बारीक आवाजात साहेबरावानं आपलं वाक्य म्हटलं.

"ढकला तिला खाली."

दोघांनी बाहुली टाकली. ती तोंडावर पडली. काठ्या घेऊन बसलेली पोरं उठलीच नाहीत. ढकलल्यावर राणीनं खिडकीतून मागं व्हायचं असतं; बेबीनंदा तिथंच उठून उभी राहिली. खाली राणी मरून पडलेली आणि वर राणी उभी.

यानंतर येहूचं वाक्य असतं. तो घोड्यावरून उतरतो, जेवून खाऊन येतो आणि म्हणतो, त्या शापित बाईला माती द्या, कशीही असली तरी राजाची लेक होती. त्या वाक्यावर शेवटचं गाणं सुरू व्हायचं. साहेबराव उतरला. बाहुलीपाशी गेला. आणि थांबला.

त्याला वाक्य आठवेना.

सगळे वाट बघत होते. तो पेटीवाल्याकडं वळला, पेटीवाला नवीन होता, त्याला ठाऊक नव्हतं. पडद्यामागून शब्द द्यायला कुणी नव्हतं, कारण जी द्यायची ती आज वर खिडकीत होती. ज्यानं 'दादांना आठवत न्हाई' म्हणून पंचांचं दार ठोठावलं होतं, तो सगळ्या मंडळीपुढं रिकाम्या तोंडानं उभा होता. शेवटी त्यानं मान वर करून खिडकीकडं बघितलं. येहूसारखं नाही. भाकरी मागताना बघायचा तसं.

वाक्य बेबीनंदाच्या जिभेवर होतं. वीस वर्षांची सवय; ओठ आपोआप हलले. तिनं ते मिटून घेतले.

मग पाळकसाहेब उठले आणि 'आपण प्रार्थना करू' म्हणाले. लोकांनी डोळे मिटले. बेबीनंदानं मिटले नाहीत. तिनं बघितलं, साहेबरावानं घोडीचा लगाम धरला आणि पत्र्याची छाती, तांबडा शेला अंगावर तसाच ठेवून तो आवाराबाहेर चालत गेला. नव्या जालन्यापर्यंत तो तसाच घोडी घेऊन गेला म्हणे. रस्त्यात लोकांना वाटलं, वरात कुठंतरी पुढं गेलीय.

त्या आठवड्यात बायका घरी येऊन सांगून गेल्या, "बरं केलं बेबीताई. कुणीतरी बोलायला पाह्यजेच व्हतं." बेबीनंदालाही बरं वाटलं. चार दिवस तिला भूक चांगली लागली, झोप चांगली आली. मग कळलं की साहेबरावानं कंपनी सोडली, जालनाही सोडलं. पंचांनी दुसऱ्या कुणाला विचारलं, पण गाणी कुणालाच पुरी येत नव्हती. चाली साहेबरावाच्या बोटांत होत्या, शब्द बेबीनंदाच्या तोंडात, आणि त्या दोघांना एका जागी बसवायची कुणाची छाती नव्हती. पुढच्या सणाला नाटक झालं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ज्या बायकांनी शाबासकी दिली होती त्याच म्हणायला लागल्या की वसंतरावांची कंपनी त्यांच्या बायकोनंच बुडवली. ती शिवणकाम करायची; ब्लाऊज शिवायला टाकताना तोंडावर कुणी बोलत नसे, पण ती गल्लीतून गेली की मागून हळूच शब्द यायचा: ईजबेल.

तिला त्याचं फार वाटलं नाही. तिला दुसरंच वाटायचं. मशीनवर बसलेली असताना एकाएकी तिच्या तोंडात ते वाक्य यायचं, पुरं, स्वच्छ. कुणी मागितलेलं नसताना. कधी ती ते मोठ्यानं म्हणूनही टाकायची आणि मग मशीनचं चाक धरून बसायची. वसंतरावांना ती आयुष्यभर शब्द पुरवत आली होती. थांबायचं म्हणत होते तेव्हाही पुरवत राहिली. जिथं खरोखर कुणी मागितला तिथं दिला नाही. आणि त्या रविवारी रस्त्यात, जो शब्द न दिला तर चाललं असतं, तो मात्र दिला.

पंधरा वर्षं गेली. २००१ साली मंडळीतल्या तरुण पोरापोरींनी ठरवलं की जुनी कंपनी पुन्हा उभी करायची. ती सगळी बेबीनंदाकडं आली. त्यांनी तो कापणीचा सण पाहिलेला नव्हता, ऐकलेला होता. शब्द तिनं सगळे सांगितले, पोरांनी लिहून घेतले. "अन् चाली, आजी?"

"चाली साहेबरावाला येत्यात," ती म्हणाली. खूप वर्षांनी ते नाव तिच्या तोंडून बाहेर पडलं.

एका बाजारच्या दिवशी ती भोकरदनच्या एसटीत बसून केदारखेड्याला उतरली. विचारल्यावर लोकांनी पिठाची गिरणी दाखवली. आत पट्टा फिरत होता, आवाज कानठळ्या बसवणारा. साहेबराव ज्वारी ओतत होता. भुवया, पापण्या, केस, सगळं पिठानं पांढरं. पन्नाशीही झाली नव्हती, पण म्हातारा दिसत होता. त्यानं वर बघितलं. थोडा वेळ बघतच राहिला. मग हात लांब करून गिरणी बंद केली.

रांगेतली एक बाई म्हणाली, "आमचं दळण राह्यलं ना साहेबराव?"

"जरा थांबा. घरचं माणूस आलंय."

त्यानं तिला पोत्यावर बसवलं, तांब्या भरून पाणी दिलं. बायको लेकीकडं गेलीय, म्हणाला. मोठ्यानं बोलत होता. "गिरणीनं कान गेले, वैनी. डाव्यानं तर ऐकूच येत न्हाई."

म्हणून बेबीनंदा उजव्या बाजूला सरकली. घरून येताना तिनं बरंच काही ठरवलं होतं. ते सगळं राहिलं. ती म्हणाली, "त्या दिवशी मला ते वाक्य येत व्हतं."

"मला म्हाइत हाय."

"काय म्हाइत हाय?"

"तुमचे ओठ हालले. मी बघून राह्यलो व्हतो ना वर." त्यानं हातावरचं पीठ झटकलं. "मंग मिटले."

रांगेतल्या बायका आपसात बोलत होत्या. बेबीनंदानं पदर तोंडाला लावला.

"रडू नका. मला त्याचा राग न्हाई. मी पंचांकडं गेल्तो, वैनी. दादांपुढं बसून बोललो असतो, तर त्यांनी ऐकलं असतं. ते स्वतःच म्हणले व्हते मला एकदा, 'साहेबा, मला आता घरी बसू दे.' पण मला हिंमत झाली न्हाई. वाटलं, पंचांनी सांगितलं म्हणजे आपल्यावर यायचं न्हाई."

"तुला बी म्हणले व्हते?"

"हाव. तुमाला म्हणले व्हते का?"

तिनं होय म्हणून मान हलवली. एवढा वेळ त्या माणसाला घरी बसायचं होतं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. एकानं ते त्यांच्या माघारी केलं, एकीनं होऊच दिलं नाही.

मग तिनं पोरांचं सांगितलं. चाली पाहिजेत म्हणाली. साहेबराव आधी नको म्हणाला. मग पोत्यावर बोटं ठेवून, पेटी असल्यासारखी, त्यानं शेवटच्या गाण्याचा सूर धरला. राणीच्या मातीचं गाणं. आवाज फाटलेला होता, पण पहिलं कडवं आलं. दुसऱ्याला बेबीनंदानं शब्द दिले, त्यानं सूर दिला, आणि रांगेतल्या बायका गप्प होऊन ऐकायला लागल्या. तिसऱ्या कडव्याला चाल बदलते. वसंतरावांनी ती कुठल्याशा ओवीवरून घेतलेली होती. साहेबराव थांबला. परत मागून आला. परत थांबला.

"इथनं वर जाती का खाली, वैनी?"

बेबीनंदानं डोळे मिटले. शब्द होते, सगळे होते, एकही गळालेला नव्हता. चाल नव्हती. तिनं शब्द म्हणून बघितले, की त्यांच्या मागून चाल येईल. आली नाही. साहेबरावानं दोनतीन सूर लावून बघितले. प्रत्येक वेळी ती मान हलवायची, हे नाही. आणि जे होतं ते कुणालाच सापडेना. तिसरं माणूस, ज्याला विचारावं, ते उरलेलं नव्हतं.

"शेवटची गाडी चारला हाय," साहेबराव म्हणाला. तो उठला, रांगेतल्या बाईचा डबा पुढं ओढला आणि गिरणी सुरू केली. आवाजात त्यानं आणखी काहीतरी म्हटलं, ते तिला ऐकू आलं नाही. तिनं हात वर केला. त्यानंही केला.

पोरांनी त्या वर्षी नाटक केलं. दगडी बंगला पाडून झाला होता, म्हणून राणी स्टेजवरच उभी राहिली, एका मुलीनं तिचं काम केलं आणि छान केलं. शेवटच्या गाण्याची दोन कडवी त्यांनी गायली, तिसरं नुसतं बोलून दाखवलं. मागच्या ओळीत बसलेल्या बेबीनंदानं आजूबाजूला बघितलं. काही राहिलं आहे, असं कुणालाच वाटलेलं दिसत नव्हतं.